दारोदारी पायरी

माझी आयुष्यात पहिल्यांदा एक ओळ छापून आली आणि ती तंतोतंत अमलातही आली. ‘घरोघरी पाणी, दारोदारी पायरी.’ आमच्या वॉर्डातल्या कार्पोरेटरच्या निवडणुकीच्या पत्रकात ती होती. तिच्यापायी माझ्या थोरल्या बहिणीच्या दारात जे काही झालं, त्याचा दोष माझा. आणि जे काही बरं झालं, त्याचं श्रेय गल्लीतले लोक अजून कार्पोरेटरला देतात, याचा मला राग येतो. म्हणून हे लिहायला बसलो.

आमची गल्ली हिमायतनगरच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळल्यावर तिसरी. पाच-सहा घरं मराठी. आजोबांच्या पिढीत मराठी मुलखातून या तेलुगू-दखनी शहरात येऊन कुणी कचेरीत, कुणी कोर्टात, कुणी शाळेत चिकटलं, आणि मग इथलेच झालो. मी वीज खात्यातून निवृत्त झालो. आक्का मराठी शाळेची मुख्याध्यापिका होती. तिने लग्न केलं नाही. ती वडिलांच्या जुन्या बैठ्या घरात एकटी राहते आणि मी तिच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. माझ्या गॅलरीतून तिचं दार दिसतं. हे सुरू झालं तेव्हा ती ऐंशीची होती, मी बहात्तरचा, आणि अजूनही तिच्यासमोर मी खुर्चीत मागे रेलून बसत नाही.

आमच्या गल्लीत दर निवडणुकीच्या आधी रस्ता होतो. जुना कुणी उखडत नाही. त्याच्यावरच नवा ओततात. त्यामुळे रस्ता दर खेपेला वीतभर वर येतो आणि घरं जागच्या जागी राहतात. पाहुणे आक्काच्या घराकडे बघून हळहळतात, “घर खचलं का हो?” घर कुठेही गेलेलं नाही. शहर वर गेलं.

तिच्या दारासमोर हातभर रुंद मातीची पट्टी आहे आणि पट्टीपलीकडे रस्त्याची कड, मांडीइतकी उंच. दारातून बाहेर पडायचं म्हणजे त्या कडेवर चढायचं. पट्टी महापालिकेची. शेजाऱ्याने तिथे चार विटा रचल्या होत्या, तर महापालिकेची गाडी येऊन विटा आणि वर तुळशीची कुंडीही घेऊन गेली. आक्काला तर असल्या विटा मुळातच मंजूर नव्हत्या. “सरकारी जागेत आपलं काही ठेवायचं नाही,” हे तिचं म्हणणं, आणि तिचं म्हणणं म्हणजे शाळेची घंटा. मग मी लाकडी स्टूल आणून दिलं. ते तिसऱ्या दिवशी कलंडलं आणि तिचं मनगट मोडलं.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा गल्लीतले चौघे तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलायचे आणि रस्त्यावर ठेवायचे. लोक चांगले होते. कुणी कुरकुर केली नाही. पण खुर्ची उचलली की आक्का डोळे मिटून घ्यायची. एकदा मला म्हणाली, “माणसाला चौघांनी उचलून घराबाहेर काढायचं ते एकदाच. मला तुम्ही आठवड्यातून दोनदा काढताय.”

पुढच्या आठवड्यापासून तिने बाहेर जाणंच बंद केलं. ज्या बाईने चाळीस वर्षं कोपऱ्यावरच्या भाजीच्या बंडीवर जाऊन भेंडीचं शेपूट स्वतः मोडून बघितल्याशिवाय भेंडी घेतली नाही, ती आता मी आणलेली भेंडी निमूट चिरायला लागली. मी जून भेंडी आणायचो. ती बोलायची नाही. ते न बोलणं मला सोसवेना.

त्याच सुमारास निवडणूक आली. उमेदवार तेलुगू होता, बोलायचा दखनी, आणि त्याने एक नवीन गोष्ट काढली होती. प्रत्येक गल्लीला त्या गल्लीच्या भाषेत पत्रक. मूळ तेलुगू पत्रकाचं आमच्या गल्लीसाठी मराठी करून घ्यायला त्याचा पीए माझ्याकडे आला. पीए आमच्यातलाच, तिशीचा, मराठी घरातला, पण शाळा इंग्रजी. मराठी बोलायचा फाडफाड, वाचायचा मात्र बोट ठेवून.

तेलुगू पत्रकात पाणी होतं, दिवे होते, बाक होते. पायरी नव्हती. मी ‘घरोघरी पाणी’ लिहिलं आणि पेन थांबलं. पुढे काहीतरी जुळायला हवं होतं. समोर आक्काचं बंद दार दिसत होतं. मी ‘दारोदारी पायरी’ लिहून टाकलं. एका दगडात दोन पक्षी, असं मला वाटलं. ओळही जमली आणि काम झालं तर झालं. निवडणुकीच्या पत्रकातली गोष्ट खरी होत नसते, हे मला ठाऊक होतं. पण छापलेला कागद हातात असला की निदान भांडता येतं.

तो निवडून आला. आणि तेव्हा कळलं की हा माणूस इतरांसारखा नाही. याच्या आधीच्या कार्पोरेटरला लोकांनी त्याच्याच जुन्या पत्रकांची माळ करून घातली होती. ती माळ याने डोळ्यांनी बघितली होती आणि धसका घेतला होता. “जो छापे सो करना,” हे त्याचं ब्रीद. गल्लीगल्लीचं पत्रक एका फायलीत लावलेलं, आणि कोपऱ्यावर भलामोठा फलक. त्यावर सगळे वादे ओळीने लिहिलेले. वादा पुरा झाला की पुढे हिरव्या रंगाने टिक.

पलीकडच्या गल्लीला ‘ज्येष्ठांसाठी बाक’ छापलं होतं. गल्ली इतकी चिंचोळी, की बाक भिंतीकडे तोंड करूनच बसला. तिथले ज्येष्ठ संध्याकाळी बसून भिंत बघतात. टिक. आमच्याकडे जुलैत दोन दिवस पाऊस लागला आणि रस्त्यावरचं पाणी सरळ सगळ्यांच्या बैठकीत शिरलं. त्याच आठवड्यात फलकावर ‘घरोघरी पाणी’पुढे टिक झाली. ती टिक नव्या नळांसाठी होती असं पीए शपथेवर सांगतो. गल्लीत कुणी विश्वास ठेवत नाही.

आता पायरीची पाळी, म्हणून मी दिवस मोजत होतो.

एके दिवशी सकाळी ट्रॉली आली. मी गॅलरीतून बघितलं तर चार कामगार आक्काच्या पट्टीत खड्डा खणत होते. पाया खणताहेत, असं मनाशी म्हणत मी चहा घेतला. खाली उतरेपर्यंत खड्ड्यात एक रोप उभं होतं. दाराच्या बरोब्बर मधोमध. आक्का उंबऱ्याच्या आत काठी टेकून उभी होती आणि रोपाकडे असं बघत होती, जसं वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“मामिडी, अम्मा,” कामगार म्हणाला. मामिडी म्हणजे आंबा.

दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक दारात एकेक आंबा लागला आणि संध्याकाळी फलकावर ‘दारोदारी पायरी’पुढे हिरवी टिक झाली.

मी तरातरा पीएकडे गेलो.

“हे काय लावलंत?”

“पायरी, काका. तुम्हीच लिहिलं ना?”

“अरे पायरी म्हणजे पायरी! चढायची!”

तो गोंधळला. “चढायची ती सीढी ना काका? घरी आम्ही सीढी म्हणतो. नाहीतर तेलुगूत मेट्टू. पायरी बोले तो आंबा. माझी मावशी दर वर्षी रत्नागिरीहून पेटी पाठवते, तिच्यावर लिहिलेलं असतं. मराठीतले जे थोडे शब्द मला न अडखळता वाचता येतात ना, त्यात पायरी पहिला.” मग जरा दुखावून म्हणाला, “पायरीची कलमं कुठे मिळतात इथे? तीन नर्सऱ्या फिरलो. सीढी पाहिजे होती तर सीढी लिहायचं.”

‘सीढी’ माझ्या डोक्यात आली होती. शुद्ध मराठीचा ताठा नडला. आणि मूळ तेलुगूत दोन्ही नव्हतं, हे तोंडातून निघालं असतं तर मीच अडकलो असतो. मी हात हलवत परत आलो.

आक्काने मला समोर उभं केलं. तिला तेलुगू माझ्याहून चांगलं येतं.

“मुळात हे होतं?”

“नव्हतं.”

“शब्द गाळला तर ती चूक. शब्द घुसडला तर ती लबाडी.” बहात्तराव्या वर्षी मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होतो. मग ती म्हणाली, “माझ्यासाठी घुसडलास?” मी मान हलवली. त्या दिवशी तिने मला दोन वेळा चहा दिला.

मग तिने स्वतः मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तीन भाषांत अर्ज लिहिला. कार्पोरेटर चौथ्याच दिवशी हजर झाला. दारात आंबा, म्हणून अंग चोरून आत आला, आक्काच्या पाया पडला आणि नेमका त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसला.

“अम्मा, सीढी मेरे वादे में नै है,” तो फार नम्रपणे म्हणाला. “जो वादा नै किया, वो मैं कैसा करूं? आज तुमकू दिया तो कल सब मांगते. फिर छापे सो कामां कब होंगे?”

“मग हे झाड तरी बाजूला घ्या,” मी म्हणालो.

“टिक हो गया ना साब. झाड निकाला तो वादा टूट जाता.” त्याला मनापासून वाईट वाटत होतं, हे मी नाकारत नाही. “अगले इलेक्शन में सीढी लिखो. मैं आंखां बंद करके बना देतौं.”

आक्का ऐंशीच्या घरात. पुढचं इलेक्शन पाच वर्षांनी. माझं डोकं सणकलं होतं. पण आक्काने डोळ्यानेच मला गप्प केलं, कारण कार्पोरेटर उठता उठता म्हणाला, “बस एक पत्थर लगाना बाकी है, अम्मा.”

पुऱ्या झालेल्या प्रत्येक वाद्याला तो दगडी पाटी लावतो, काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं. इथली पाटी तो आक्काच्या भिंतीवर ठोकणार होता.

“भिंत ओली आहे, पाटी पडेल,” आक्का म्हणाली. “एवढ्या मोठ्या कामाची पाटी पडली तर बरं दिसणार नाही. झाडाशेजारी ओटा बांधा. त्यावर दगड आडवा बसवा. म्हणजे वाचणाऱ्याला तुमच्या नावापुढे मान खाली घालावी लागेल.”

कार्पोरेटर हरखला. “कित्ता ऊंचा होना?”

आक्का काठी टेकत दारापर्यंत गेली, खडूने रस्त्याच्या कडेवर निम्म्या उंचीवर रेघ मारली आणि म्हणाली, “एवढा.”

आठ दिवसांत ओटा झाला. पाटीचा मराठी मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. मी लिहिलं, ‘या दारी पायरी दिली.’ दोन्ही अर्थांनी खरं. या खेपेला कुणी मला लबाड म्हणू शकत नव्हतं. त्याच्याखाली कार्पोरेटरचं नाव, मोठ्या अक्षरांत.

पायरी तर झाली, पण आक्का तिच्यावर पाय ठेवेना. मला आधी कळेना, मग लक्षात आलं. अक्षरं. वहीला पाय लागला की पोराला ती कपाळाला लावायला लावणारी बाई ही. तिने सुचवलेल्या युक्तीत तीच सापडली होती. चार दिवस ती आतून पायरीकडे बघत राहिली आणि मी वरून तिच्याकडे.

पाचव्या दिवशी दार उघडलं. आक्का बाहेर आली. वाकली. पाटीवर हात ठेवला, तो कपाळाला लावला आणि कार्पोरेटरच्या नावावर पाय देऊन रस्त्यावर चढली. एकटी. काठी टेकत कोपऱ्यावर गेली, बंडीवाल्याशी बोलली आणि भेंडीची शेपटं मोडायला लागली. मी गॅलरीत उभा राहून रडलो. लाज वगैरे काही वाटली नाही.

मग रोजच ती वाकायची, हात कपाळाला लावायची आणि चढायची. पीएने कधीतरी याचा फोटो काढला. महिन्याभरात फलकाशेजारी दुसरा फलक लागला. त्यावर आक्का, वाकलेली, आणि खाली मजकूर, ‘पायरीसाठी आज्जीचा आशिर्वाद’. मी पिसाळलो. माझी बहीण या माणसाच्या नावाला नमस्कार करते असं सगळ्या हिमायतनगरला दिसत होतं. मी तिला तिथे घेऊन गेलो आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता तक्रार लिही.

तिने चष्मा लावला. “शी दीर्घ हवी,” ती म्हणाली. “आशीर्वाद.”

“आक्का, तू अक्षरांची माफी मागतेस हे सांग ना त्यांना.”

“अक्षरांची माफी मी पहिल्या दिवशी मागितली. एकदाच.” ती परत वळली. “गवंड्याने ओटा रेघेपर्यंत आणला आणि वर दगड बसवला. चार बोटं उंच झाला. हात टेकल्याशिवाय मला गुडघा वर घेता येत नाही. टेकलेला हात मग सवयीने कपाळाला जातो. तू तरी काय बघतोस वरून?”

मी काय बघत होतो, देव जाणे.

सुदैवाने रस्त्याचा वादा त्या कार्पोरेटरने केलेला नव्हता, त्यामुळे रस्ता झाला नाही आणि उंची तेवढीच राहिली. बाकीच्यांची रोपं वाळली, काही बकऱ्यांनी खाल्ली. आक्काचं वाढलं, कारण ती रोज भाजी धुतलेलं पाणी त्याला घालायची. तिसऱ्या वर्षी खोड मनगटाएवढं झालं. मग तिचं वाकणं थांबलं. ती झाडाला धरून चढायला लागली. पायरीला धरून पायरीवर.

पाच वर्षं संपत आली. पीए नवं तेलुगू पत्रक घेऊन आला. “काका, या वेळी वरचं एक अक्षर पण नको. जे आहे ते, तेवढंच.” कुणीतरी त्याला माझं जुनं कर्तृत्व सांगितलेलं दिसलं. मी वचन दिलं. पत्रकात आमच्या गल्लीसाठी एक नवीन ओळ होती. माझ्याच इमारतीतल्या एका गाडीवाल्याने तक्रार केली होती, गाडी वळवताना आरसा घासतो म्हणून. ओळ अशी, की दारातली मामिडी काढून टाकू.

छापलं की या माणसाकडून सुटका नाही. झाड गेलं की आक्का पुन्हा वाकणार, आणि पाच वर्षांत गुडघे काही तरुण झाले नव्हते. वाकणं जमलं नाही की मग खुर्ची. आणि मी वचन देऊन बसलो होतो.

मी लिहिलं, ‘दारातले आंबे काढू.’ कागद आक्कापुढे ठेवला. तिने तेलुगू वाचलं, मग मराठी वाचलं, मग परत तेलुगू.

“एकही शब्द घुसडलेला नाही,” मी म्हणालो. “‘टाकू’ तेवढं पडलंय.”

“शब्द गाळला तर ती चूक,” ती म्हणाली. तिने कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि कागद परत दिला. नऊ, भागिले दहा. एवढे गुण तिने मला शाळेत कधी दिले नव्हते.

तो पुन्हा निवडून आला. या माणसाला शेकडो वादे. त्यातला कुठला कशासाठी केला होता हे त्याच्या लक्षात राहत नाही. त्याचा विश्वास फायलीवर. मे महिन्यात सकाळीच ट्रॉली आली. पीए फाइल घेऊन, आणि मागे चार कामगार, प्रत्येकाच्या खांद्यावर लांब काठीला जाळी लावलेला आंबे उतरवायचा झेला. झाडाला दोन आंबे होते. चौघांनी ते शिस्तीत उतरवले. पीएने फायलीतली ओळ बोट ठेवून वाचली, टिक केली आणि दोन्ही आंबे आक्काच्या हातात देऊन फोटो काढला. गाडीवाला वरून ओरडत होता, पण छापलेलं छापलेलं होतं.

आक्काने आंबे हुंगले आणि पिशवीत टाकले. बंडीवर जायची तिची वेळ झाली होती. कामगारांपैकी एकाला आत ती जुनी प्लास्टिकची खुर्ची दिसली. तो भला माणूस होता.

“अम्मा, बैठो. हम चारों हैं ना, उठाके ऊपर रख देते.”

आक्काने त्या चौघांकडे एकेक करून नीट बघितलं.

“नक्को, बाबा,” ती म्हणाली. “अभी टाइम है.”

मग तिने झाडाला धरलं आणि वर आली.